भागूबाईनं राबात पेरलेली सोनकी

पठाराखालच्या कान्हे गावातल्या गोरखच्या म्हशी फार नखरेल होत्या. भागूबाईनं विकलेल्या गवताच्या भाऱ्यात सोनकीची एक काडी जरी आली तरी सगळा भारा हुंगून सोडायच्या, आणि मग गोरख स्टेशनाजवळ चारचौघांत ओरडायचा, "भागूवैनी, ह्ये गवत हाय का गौरीचा हार?"

म्हशींचं काही चुकत नव्हतं म्हणा. सोनकी कडू आणि वर बाधणारी, जनावर तिला तोंड लावत नाही. पण पाऊस सरता सरता वाडीवरचं सगळं पठार सोनकीनं पिवळंधमक होतं, आणि गवतही नेमकं तिच्यातच वाढतं. मग भागूबाई काय करणार? डाव्या हातानं सोनकी बाजूला सारायची आणि उजव्या हातानं विळा चालवायची. लग्न होऊन वाडीत आल्यापासून वीस-एकवीस वर्षं हाच उद्योग. हात असे तयार झाले की खाली बघायची गरजच उरली नाही. आणि त्या हातांनीच तिला सांगितलं होतं की सोनकी एक नाही, तीन आहेत.

एक गुळगुळीत, ओढ्याकडच्या मातीत वाढणारी. दुसरी अंगभर पांढरी लव असलेली. तिला ती घोंगडी म्हणायची. तिसरी उघड्या कातळावरच्या भेगांतली, चार बोटांच्या वर न जाणारी, ती बुटकी. फुलं तिघींची पिवळी. पण हाताला कळायचं ना! ती हे वाडीतल्या बायकांना सांगायची आणि बायका म्हणायच्या, व्हय गं बाई, असतील. गवतातल्या कचऱ्यात कुणाला एवढा जीव?

आणि मग सन त्रेसष्टच्या आश्विनात पुण्याच्या कॉलेजातले परचुरे सर पठारावर आले. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. डोक्यावर साहेबी सोला टोपी, पाठीवर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये झाडं दाबून वाळवायला जुन्या वर्तमानपत्रांची चळत. वाट दाखवायला गोरख होताच, हौशीनं पुढं पुढं करत. भागूबाई तिथंच गवत कापत होती. सरांनी वाकून एक गुळगुळीत सोनकी उपटली, एक घोंगडी उपटली आणि दोन्ही एकाच कागदात शेजारी शेजारी निजवल्या.

आता हे तिच्यानं बघवेना.

"ओ सायेब! त्या दोगींना एका कागदात कशापायी कोंबताय? त्या येगळ्या हायेत."

गोरखनं कपाळाला हात लावला. सर मात्र चक्क खूश झाले. गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं, फूल धरून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, हे एक फूल नाही. नीट बघा. कडेची ही प्रत्येक पिवळी पाकळी म्हणजे एकेक अख्खं फूल. आणि मधे हे जे बारीक बारीक दिसतंय ना, ते प्रत्येक वेगळं फूल."

भागूबाईनं डोळा लावला आणि ओरडलीच, "अगं बया बया! ह्यो तर आख्खा बाजार भरलाय की हितं!"

सरांनी मग तिला सांगितलं की झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि ही सोनकी, सगळी एकाच कुळातली. झेंडूबी? झेंडूसुद्धा. तिनं भिंग सोडलंच नाही. घोंगडीचं पान बघितलं, गुळगुळीतचं बघितलं, पान खोडाला कसं धरून बसलंय ते बघितलं, वाळलेल्या बोंडातली बी बघितली आणि बीच्या डोक्यावरचे ते पांढरे केस, ज्यांना पोरं म्हातारी म्हणून फुंकून उडवतात, तेही बघितले. एवढा आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नसेल. आणि त्या भरात तिनं तिन्ही जाती सरांना सांगून टाकल्या, बुटकीसकट.

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे, बाई. पण हा जागेचा गुण. कातळावर ऊन जास्त, माती कमी, म्हणून झाड खुजं राहतं, अंगावर लव येते. जात एकच." आणि त्यांनी खिशातली वही काढून पेन्सिलीनं एक ओळ लिहिली.

"काय ल्हिलं?" तिनं विचारलं.

"पठारावर सर्वत्र एकच जात," सरांनी वाचून दाखवलं. "पुढच्या आश्विनात येईनच मी. तेव्हा बोलू."

झालं! गोरखला तेवढंच पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं कान्ह्यात सगळ्यांना सांगितलं की गवत कापणारी भागू आता प्राध्यापकाला शिकवायला निघालीय. दुसऱ्या दिवशी भारा घेऊन ती खाली गेली तर चहाच्या टपरीवरून एकानं विचारलं, "मावशे, ह्ये गवत एका जातीचं का तीन?" भागूबाई घरी आली ती तणतणतच. लोक हसले त्याचं तिला एवढं नव्हतं. वहीत लिहिलं, ते तिला डाचत होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं. पण वहीत लिहिलेलं पुण्याला जाणार, तिथल्या कॉलेजात बसणार, आणि तिच्या हाताला वीस वर्षं कळलेलं खोटं ठरणार. ती ओळ खोडली गेली पाहिजे, बस्स.

कशी खोडायची, ते तिला भाकरी थापताना सुचलं. दोन घरच्या भाताचं बियाणं कालवलं आणि कुठलं कुठलं कळेना, तर आपण काय करतो? एकाच राबात शेजारी शेजारी पेरतो. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. मग जे वेगळं उगवेल ते जातीचं वेगळं. हात पिठाचे तसेच ठेवून ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवं, म्या राबात सोनकी पेरनार."

बहिरू विडी ओढत बसला होता. तो काही बोलायच्या आत त्याची आई, कमळाबाई, आतून कडाडली, "काऽय? भाताची रोपं करायच्या जागंत रान पेरतीस? राब भाजायला पाला कुनी वाहिला? म्या वाहिला!"

"एका कोपऱ्यात, आत्याबाई. तीन वळी."

"एक वीतबी देनार न्हाई!"

आठ दिवस हे चाललं. शेवटी बहिरूच कंटाळून म्हणाला, "आये, पेरू दे तिला. न्हाई पेरलं तर ती वरीसभर आपल्याला भाजंल." कमळाबाई हसली आणि हसली म्हणजे कोपरा मिळाला.

कार्तिकात भागूबाई बी गोळा करायला पठारावर गेली. सोनकीचं बोंड वाळलं की फुटतं आणि वारा बी घेऊन जातो, म्हणून तिनं फुटायच्या आधीच बोंडांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. गुळगुळीतच्या चिंधीला एक गाठ, घोंगडीच्या दोन, बुटकीच्या तीन. जेठात राब पेरला तेव्हा कोपऱ्यात तीन ओळी ओढून तिनं बी टाकलं, आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाला तेवढेच दगड रोवले.

उगवलं! तिन्ही ओळी उगवल्या. भाताची रोपं काढून लावणीला गेली, राब मोकळा झाला, पण कोपरा राहिला. भागूबाई रोज सकाळी चुलीच्या आधी कोपऱ्याकडं जायची. पहिल्यांदा सगळी पानं सारखीच, तिचा जीव टांगणीला. आणि श्रावणातल्या एका सकाळी तिनं दुसऱ्या ओळीतल्या पानावर अंगठा फिरवला, आणि लव! मऊ, पांढरी लव! ओल्या काळ्या मातीत, भरपूर पाण्यात, कातळाचा पत्ता नसताना!

"आत्याबाई! घोंगडी आली! घोंगडी आली!"

कमळाबाई धावत आली ती कुणाला साप चावला म्हणून. मग तिनंही अंगठा फिरवला, पहिल्या ओळीवर, दुसऱ्या ओळीवर, पुन्हा पहिल्या. "व्हय गं," ती म्हणाली. "येगळी हाय की गं रांड!" त्या दिवसापासून कोंबड्यांना कोपऱ्यापासून हाकलायचं काम कमळाबाईनं आपणहून घेतलं.

पण तिसरी ओळ. ती तिसरी ओळ भागूबाईची झोप उडवायला लागली. बुटकी चार बोटांची झाली, ठीक. मग वीतभर झाली. मग पान रुंद व्हायला लागलं, मग दोन वीत. भाद्रपदात गुडघ्याच्या वर गेली आणि पहिल्या ओळीच्या बरोबरीनं डुलायला लागली. दगड नसते तर भागूबाईला स्वतःलाही कळलं नसतं की पहिली ओळ कुठली आणि तिसरी कुठली.

"शेंडं खुडून टाक की," कमळाबाई हळूच म्हणाली. "बुटकी ऱ्हाईल. कोन बगतंय?"

भागूबाई वाकली. शेंडा बोटांत धरला, नखही लावलं. वर्षभर ऐकलेलं सगळं तिच्या कानात होतं. मग तिनं शेंडा सोडला आणि चिडून म्हणाली, "मंग पेरली कशापायी?"

आश्विनात परचुरे सर आले. गोरख बरोबर होता, आणि तमाशा बघायला मिळणार म्हणून कान्ह्यातले आणखी दोघं. वाडीतल्या बायकाही राबाच्या बांधावर जमल्या. पठारावरून येताना सरांनी कातळातली बुटकी उपटून पिशवीत टाकली होती. भागूबाईनं त्यांना पहिल्या दोन ओळींजवळ नेलं, पेरणी सांगितली, गाठी सांगितल्या, आणि बाजूला उभी राहिली.

सर चिखलात गुडघे टेकून बसले. भिंग लावलं. पान बघितलं, खोड बघितलं, फूल फाडून बघितलं. टोपी काढली. परत घातली. मग एकदम ओरडले, "अहो, वेगळी आहे! एका मातीत वाढूनही लव तशीच! बाई, अहो तुम्ही प्रयोग केलात, प्रयोग! हे मी करायला पाहिजे होतं!" वही काढली, जुनी ओळ शोधली आणि सगळ्यांसमोर खसाखसा खोडली. बायकांनी एकच गलका केला. गोरखचं तोंड उघडं ते उघडंच.

सर भराभर लिहीत सुटले. "पहिली जात, गुळगुळीत. दुसरी, लवयुक्त. आणि तुम्ही गेल्या वर्षीच म्हणाला होतात, तिसरी, बुटकी. ती इथं पिशवीत आहेच माझ्या. तुमच्या शब्दावर आता अविश्वास कसला! लिहिली. तीन."

तीन. वहीत तीन. तिसऱ्या ओळीकडं कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. पिवळी फुलं वाऱ्यावर डुलत होती, पहिल्या ओळीतलीच वाटावीत अशी. कमळाबाईनं सुनेचा पदर ओढला.

"थांबा सायेब," भागूबाई म्हणाली. "तिसरी खोडा."

"का?"

"ही बगा. ह्ये बुटकीचं बी. म्या माज्या हातानं पेरलं. हितं माती गावली आन गुडघ्याच्या वर गेली. ती पयलीच हाय. तिच्या बाबतीत तुमचं खरं व्हतं, जागंनंच बुटकी. माजी चुकी झाली."

गोरख हसायला लागला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही, मग तोही थांबला. सरांनी तिसऱ्या ओळीतलं पान हातात घेतलं, पिशवीतली बुटकी काढून शेजारी धरली आणि दोन्हींवर भिंग फिरवलं. मग वही आणि पेन्सिल तिच्यापुढं धरली.

"तुम्हीच खोडा."

भागूबाईनं उभ्या जन्मात पेन्सिल धरली नव्हती. विळ्याची मूठ धरावी तशी मुठीत धरली, सरांनी बोटानं ओळ दाखवली, आणि तिनं अशी रेघ ओढली की कागद फाटून खालच्या पानावर उमटली. मान वर होती तिची.

सरांनी वही जपून खिशात ठेवली. मग पिशवीत हात घालून पठारावरच्याच निळ्या फुलांचे दोन झुबके काढले आणि तिच्यापुढं धरले, अगदी एखाद्या मोठ्या प्राध्यापकाला विचारावं तसं. "भागूबाई, हे दोन एकच, की वेगळे?"

तिनं दोन्ही हातात घेतले. पानांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. डोळे चमकले, उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ओठ मिटले.

"आदी पेरते," ती म्हणाली. "मंग सांगते."