व परिवार

सांगू की नको, असं झालंय. हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसा हो, हसण्यासारखंच आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. धुळ्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यातच डॉक्टरेट केली आणि निवृत्त होऊन जळगावच्या कॉलनीत राहायला आलो. बायको मालती गेल्यावर घरात उरलो मी आणि मुलगा पुण्याला जाताना मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर. बोलणार कोणाशी? त्याच्याशीच!

कॉलनीचे सेक्रेटरी नाना. दर हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात सगळ्या कॉलनीची भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, गरम पुऱ्या! आमंत्रणाच्या चिठ्ठ्या नाना हाताने लिहीत. त्यांची वही पाहिली आणि माझ्यातला मास्तर उठला. घरात सहा माणसं, तर पत्ता सहा वेळा लिहिलेला!

"नाना, एक गोष्ट एकदाच लिहायची. एका टेबलात घरचा कर्ता आणि पत्ता. दुसऱ्या टेबलात बाकीची माणसं. दोन्हीकडे घरनंबर टाकला की झालं."

"माझ्याकडे एकच टेबल शे, सर. त्यावर टीव्ही शे," नाना त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले.

"ते टेबल नव्हे हो, कॉम्प्युटरमधला तक्ता!" मी पोट धरून हसलो.

कामाला लागलो. वहीत माझाही पत्ता दोनदा होता. दुसरी ओळ मालतीची. ती पुसताना हात थांबला. पण नियम म्हणजे नियम. पुसली.

चिठ्ठ्या छापून गठ्ठा नानांना दिला. आपली चिठ्ठी आपणच काढून घेणं बरं दिसत नाही, म्हणून चाळलाही नाही.

दुसऱ्या दिवशी नाना वाटायला निघाले. माझ्या फाटकापाशी थांबले, आत पाहिलं, मान खाली घातली आणि थेट शेजारी गेले!

आता काय झालं असेल? टीव्हीवरून हसलो, ते लागलं? की एकट्या माणसाला कशाला बोलवा, असं वाटलं? विचारायला चार वेळा चपला घातल्या, चार वेळा काढल्या.

पार्टीच्या दिवशी कॉलनी सामसूम. मी ओट्यावर. समोरच्या ओट्यावर अक्का. निवृत्त नर्स, माझ्यासारख्याच एकट्या.

"सर, गेला नाहीत?"

"पोट बरं नाही हो. तुम्ही?"

"माझे गुडघे."

मग दोघंही रस्त्याकडे बघत बसलो.

संध्याकाळी नाना डबा घेऊन तरातरा आले. "एवढा राग शे का आमचा? यादी तुम्हीच केली, त्यातून स्वतःचंच नाव उडवलं! मी म्हटलं, माणसाला यायचंच नसेल, तर कसं विचारू?"

"मी उडवलं?"

"आणि अक्कांचं पण! मला वाटलं, त्यांनीच तुम्हाला तसं सांगितलं असेल."

कॉम्प्युटर लावला. चूक समोरच होती. दोन्ही टेबलांत सापडेल त्याच घरनंबराची चिठ्ठी छापायची, असं मीच सांगून ठेवलं होतं. ज्याच्या घरात दुसरं माणूसच नाही, त्याचा नंबर दुसऱ्या टेबलात येणार कुठून? जास्तीचे पत्ते काढता काढता मी एकटी माणसंच काढून टाकली होती. त्यात पहिला नंबर डॉक्टरसाहेबांचा!

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "सोपं शे, सर. मांजर पाळा."

पुढच्या वर्षी चिठ्ठी बरोबर आली. माझं नाव, पुढे 'व परिवार'. तेवढं सगळ्यांच्याच चिठ्ठीवर छापलं जायचं. दुरुस्त करता आलं असतं. राहू दिलं.

मळ्यात पंगतीला अक्का मिश्कीलपणे म्हणाल्या, "सर, परिवार कुठाय?"

"येतोय मागून," म्हणालो, आणि परिवाराच्या वाट्याचं भरीतही मीच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पोट खरंच बरं नव्हतं.