देशाचं माहेरचं नाव

बाबा गेल्यावर आईला आम्ही पुण्याहून इकडे कानडी मुलखात, जे. पी. नगरच्या आमच्या घरी आणलं. महिनाभरात शेजारच्या अक्का दारात आल्या, त्या मूळच्या बेळगावकडच्या. "स्वल्प कढीपत्ता आहे काय?" म्हणत त्यांनी आईला हाक मारली, ती भलत्याच नावाने. आई आंघोळीला गेली होती. मी तापट माणूस, तिथल्या तिथे सुनावलं, "अहो, आईचं नाव ते नाही."

"त्यांनीच सांगितलंय की मला," अक्का म्हणाल्या.

आई स्वतःचं नाव विसरायला लागली की काय? बायकोलाही न सांगता मी डॉक्टरांची वेळ घेतली. मग आडून आडून आईला विचारत राहिलो, आज वार कोणता, माझा वाढदिवस कधी. "परीक्षा घेतोयस का रे?" ती म्हणाली. उत्तरं सगळी बरोबर होती, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी लेक शाळेसाठी तक्ता करत होती: काही देशांना दोन-दोन नावं का? आई शेजारी अवरेकाईच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगा सोलत होती. मला शहाणपण शिकवायला फार आवडतं. म्हटलं, "जर्मनीची माणसं स्वतःच्या देशाला डॉइचलांड म्हणतात. पण बाहेरच्यांना जी टोळी आधी भेटली, तिचं नाव त्यांनी अख्ख्या देशाला चिकटवलं. फ्रेंच एक म्हणतात, फिनलंडवाले दुसरंच."

"म्हणजे त्या देशाला कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली. शेंग तशीच हातात. "मलाही नव्हतं विचारलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, झालं. ते होते तोवर त्याच नावाला ओ दिली. त्यांनी हौसेनं ठेवलं होतं रे. इथे अक्कांनी नाव विचारलं, आणि तोंडून माहेरचंच निघालं."

मला स्वतःची लाज वाटली. मामा तिला नुसतं ताई म्हणायचा. तिचं आधीचं नाव काय, हा प्रश्न मला उभ्या जन्मात पडला नव्हता. डॉक्टरांची वेळ मी गुपचूप रद्द केली.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या आणि त्यांनी त्याच नावाने हाक मारली. या वेळी मी तोंड मिटून बाजूला झालो. आतून आईने ओ दिली. पुण्याच्या घरात इतक्या मोठ्याने तिने ओ दिलेली मी कधी ऐकली नव्हती.