सोनारअण्णांचा देव

आमच्या गल्लीतल्या सोनारअण्णांइतका देवभोळा माणूस निपाणीत दुसरा नसेल. सोनं कानशीनं घासता घासता ते मध्येच थांबतात, डोळे मिटून "देवा, समदं तुझंच रं बाबा," म्हणतात आणि तेलानं चपचपीत डोक्यावरून हात फिरवतात. सोनं जितकं चोख, तितकी देवाची आठवण जास्त. घरी ते घंगाळात डोकं धुतात आणि त्यांची बायको ते पाणी कधी फेकत नाही, असं शेजारीण सांगते.

लेकीच्या मंगळसूत्राच्या वाट्या करायला मी आईच्या बुगड्या मोडायला दिल्या. आईची तेवढीच खूण उरली होती, म्हणून समोरच बसून राहिले. अण्णांना अकरा वेळा देव आठवला. परपुरुषाशी वाद घालायला माझी जीभ रेटत नाही. शेवटी पदराआडून फणी काढून कागदावर ठेवली.

"ह्ये काय, आक्का?"

"केस विंचरा अण्णा. कागदावरच."

अण्णांनी फणी उचलली. मग विंचरू लागले. कागद पिवळा चमकला.

"देवाची करणी बघा!" असं पुटपुटत त्यांनी पुडी बांधून माझ्यापुढं सरकवली.

आता मी दुकानात असले की त्यांना देव आठवत नाही.