शिंगरू मागं राहिलं

आनारकान एजे, म्हणजे आनारकानताई, आमच्या नारिनच्या रेडिओ केंद्रात आली ती कोठारातल्या टेपांवरची धूळ पुसायला. मग संगणक आले. त्यांना कुणी हात लावेना म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडले. ती मेंढपाळाची लेक. यंत्राशी बोलायची ती जनावराशी बोलावं तशी, दमदाटी आणि लाड एकाच दमात. नवं काही बसवायचं म्हटलं की आधी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून आत काय काय आहे ते विचारून घ्यायची. म्हणायची, "घरधन्याला न विचारता पाहुणे घुसवू नयेत."

त्या शरदात बुर्मा आपा आल्या. नवरा एशिम जाऊन वर्ष होत आलेलं, दुसऱ्या दिवशी वर्षाचं जेवण. एशिमनं कधीकाळी आमच्याकडं कोमूझवर, म्हणजे तीन तारांच्या वाद्यावर, गायलेलं गाणं त्यांना पंगतीला ऐकवायचं होतं.

"फोटो आहे गं घरात," आपा म्हणाल्या. "आवाज नाही."

मी नव्या संगणकावर गाणं लावलं. हूं नाही की चूं नाही.

एजेनं गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव टंकून विचारलं. आहे, असं उत्तर आलं.

"मग गाणंच कुजलं, आपा." तिला मान वर करवेना, मीही शेजारी मान खाली घालून बसलो.

आपांनी चहाचा कटोरा खाली ठेवला. "काय विचारलंस त्याला?"

"अमका घरात आहे का म्हणून."

"घोडी आली म्हणजे शिंगरूही आलं, असं धरतेस होय? संध्याकाळी एका मेंढीला हाक मारून झोपायचा का तुझा बाप?"

एजेनं कपाळावर हात मारला. "त्यानं ऐकलं असतं तर चाबूकच काढला असता!"

मग तिनं संगणकाला सगळा कळप, म्हणजे आतल्या प्रोग्रामांची पूर्ण यादी, दाखवायला लावली. कोठारातल्या जुन्या संगणकालाही तेच विचारलं; गाणं पूर्वी त्याच्यावर वाजायचं. दोन्हीकडची नावं शेजारी लावून ती एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली आणि मधेच थांबली. जुन्या पद्धतीचा आवाज उलगडणारा एक चिमुकला जोडीदार प्रोग्राम नव्या घरात आलाच नव्हता.

"हा बघा. शिंगरू मागं राहिलं."

नेटवरून तो ओढून बसवला. पुन्हा विचारलं. आला होता.

आधी खोकला ऐकू आला. मग कोमूझ, मग एशिम.

"खोकतोय बघ म्हातारा!" आपा हसता हसता रडायला लागल्या. "कितीदा सांगितलं, बर्फाचं पाणी पिऊ नकोस!" मग ओंजळ पसरून त्यांनी एजेला आशीर्वाद दिला, "तुझ्या कळपातलं कुणी मागं न राहो."

दुसऱ्या दिवशी जेवणात एशिम गायला आणि भरल्या पंगतीत आपांनी एजेच्या पुढ्यात मानाच्या पाहुण्याला देतात ते मांसाचं हाड ठेवलं. परतताना एजेनं त्या हाडाची पिशवी माझ्या हातात कोंबली.

"धर. तूही खा. काल माझ्याबरोबर मान खाली घालून बसला होतास, तेवढं पुरे."