नानांची टाचेची रेघ

कुठेही उभं राहायचं झालं की नाना आधी बुटाच्या टाचेने जमिनीवर एक रेघ ओढायचे. चहाच्या टपरीपुढे, बसथांब्यावर, एकदा तर लग्नाच्या मांडवात. मग तिच्यावर उभं राहून डावी-उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "मधलं घावलं की दोन्ही अंगं आपलीच."

नागापूरच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. त्याआधी अकरा वर्षं ते देशाच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. हे सांगितलं की नगरची माणसं आधी हसतात. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे कुस्तीचा फड सगळ्यांना ठाऊक. फुटबॉल म्हणजे छावणीतल्या जवानांचा खेळ. नाना छावणीच्या मैदानावरच शिकले आणि थेट परदेशात खेळून आले. परदेश कसा होता, असं विचारलं तर म्हणायचे, "गवत लई चांगलं हुतं." यापलीकडे वर्णन नाही.

स्टोअरच्या काउंटरमागेही त्यांची रेघ होती. रोज टाच घासून तिथला कोबा झिजला होता. कामगारांना एक चाळा लागला होता. पाना असो की हात पुसायच्या चिंध्यांचा बोळा, परत करायची वस्तू हातात द्यायची नाही, फेकायची. नाना गप्पा न थांबवता झेलायचे. साहेबांनी याविरुद्ध नोटीस काढली. ती नानांनीच भिंतीवर चिकटवली आणि चिकटवता चिकटवता उजव्या हाताने एक पाना झेलला.

एका दुपारी लेथवरच्या शेख टर्नरने डावीकडून बोळा फेकला. तो सरळ नानांच्या तोंडावर बसला. गंमत करताहेत असं वाटून सगळे हसले. नानाही हसले. मला मात्र आठवलं, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा त्या महिन्यात दोनदा सांडला होता.

"चहा ह्या अंगाला ठेवत जावा, भाऊसाहेब," सगळे पांगल्यावर ते उजवीकडे बोट दाखवून म्हणाले. "डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला. आजचं न्हाई हे."

मग सांगत गेले. समोरच्याच्या पायातला चेंडू धरायला झेप घेतली, तेव्हा बूट कानशिलाला लागला. डोळा हळूहळू धूसर होत गेला. "बोललो आसतो तर संघातून गेलो आसतो. दोन वर्सं बोललो न्हाई. माज्या मागं दुसरा गोलकीपर हुता, कलकत्त्याचा. सहा वर्सं बाकावर बसला बिचारा. शेवटच्या मॅचला डावीकडनं गोल झाला, मला तो जाळीत गेल्यावर दिसला. लोक म्हनले, झोपला. झोपलो न्हवतो, भाऊसाहेब. त्या कलकत्तेवाल्याची जागा चोरली हुती मी."

मी उगीच मालाच्या चिठ्ठ्या लावत बसलो.

दरवर्षी आमच्या कारखान्याची छावणीच्या संघाशी मॅच व्हायची. गोलात नाना, आणि तीन वर्षं बाकावर शेख. माणसं नानांनाच बघायला यायची. त्या वर्षी दुष्काळाने मैदान इतकं टणक झालं होतं की टाचेची रेघ उमटेना. नानांनी खिशातून खडू काढला, गोलापुढे रेघ ओढली आणि शेखला हाक मारली, "ये, हुबा ऱ्हा हितं."

"नाना, लोक तुमच्यासाठी आल्यात."

"मग मला बाकावर बघतील."

शेख चाळिशीचा, पोट सुटलेला. त्याने तीन गोल खाल्ले, पण दोन चेंडू असे अडवले की जवानांनीही टाळ्या वाजवल्या. नाना पूर्ण वेळ माझ्याशेजारी बाकावर होते. एकदाच बोलले, "हितनं आसं दिसतं व्हय." इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण माणूस म्हणून ते मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कलकत्त्याला पत्र लिहायला बसवलं. ते सांगत गेले, मी हिंदीत लिहीत गेलो. डोळ्याचं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पुढे पोस्टमन दिसला की नाना काउंटर सोडून दारात. आधी मी चेष्टा करायचो, नंतर मलाच ती करवेना.

दीड महिन्याने कार्ड आलं. मी वाचून दाखवलं. मजकूर दोनच ओळींचा होता: "मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून सरावाला मी तुमच्या डावीकडे एकही चेंडू मारला नाही."

नानांनी कार्ड घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, "आन् मी खोलीवर येऊन सोताला सांगायचो, डोळा गेला तरी आजून समदे चेंडू आडतात." त्यांनी मला कार्ड पुन्हा वाचायला लावलं.

मला राहवलं नाही. मी डोळ्याचं आणि कार्डाचं शेखला सांगितलं, शेखने आणखी कुणाला सांगितलं असेल. त्या आठवड्यापासून सगळा कारखाना नानांच्या उजवीकडेच वस्तू फेकू लागला. नाना झेलत राहिले. एके सकाळी मात्र ते नेहमीच्या जागेवरून वीतभर उजवीकडे सरकले आणि तिथे टाच घासू लागले.

"नाना, मधलं तिकडं हाय," शेख म्हणाला.

"हुतं. समदं एकाच अंगानं येतंय, मग मधलंबी सरकाया पायजे का न्हाई?" शेखने मान खाली घातली. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्षभरात ते निवृत्त झाले आणि पुढे दोन-तीन वर्षांत गेलेच. नव्या स्टोअरकीपरने काउंटर हलवलं, तेव्हा कोब्यातल्या दोन्ही रेघा उघड्या पडल्या. मधोमध असलेली खोल, आणि तिच्या उजव्या अंगाला एक पुसट. ही दुसरी कशाची, असं त्याने मला विचारलं. मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.