अण्णांच्या फोनमधली लाल पेटी

बेंगळुरूतल्या यशवंतपूरचे आमचे घरमालक अण्णा कुठलीही वस्तू तीनदा मोजत. मी भाड्याने राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझ्या फ्रिजची रुंदी तीनदा मोजली, मग माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाले, "सरी, ठीक आहे. जिन्यातून फ्रिज जातो. तूही जाशील." मी पुण्याची, टोमणा ऐकून घेण्यातली नव्हे, पण या माणसाचे टोमणे मी पुढे रोज ऐकले.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांची उमर गेली होती. घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं. मला ते 'अम्मा' म्हणत आणि आईसारखा मान मात्र अजिबात देत नसत.

एका शनिवारी सकाळी ते फोन आणि वही घेऊन दारात हजर. "अम्मा, तुम्हां सॉफ्टवेअरवाल्यांच्या धंद्यात लबाडी आहे." सेटिंग सांगत होतं तीन जीबी रिकामे, फाइलींचं अ‍ॅप सांगत होतं एक, आणि कॅमेरा दोन मिनिटांत 'जागा संपली' म्हणून हात वर करत होता. वहीत तीन दिवसांची मापं होती, रोज तीनदा घेतलेली. "एकाच भागाला मापाचे दोन गेज दोन आकडे दाखवायला लागले की आम्ही मशीन बंद करायचो. तुम्ही विकता!"

चेष्टेखाली खरी घालमेल होती. त्यांची थोरली बहीण अक्का नव्वदीची. त्यांच्या घरातली हळदीची जुनी गाणी आता तिच्या एकटीलाच येत होती आणि ती रोज एखादी ओळ विसरत होती, म्हणून अण्णा ती फोनवर रेकॉर्ड करायला बसले होते. "काल एक गाणं अक्कानं अर्ध्यात सोडलं, एक तुझ्या फोननं," अण्णा म्हणाले. फोन त्यांचाच होता, पण दोष लागला की तो माझा व्हायचा.

मी समजावलं. अ‍ॅपं तात्पुरता कचरा साठवतात. तो कधीही टाकता येतो म्हणून सेटिंग ती जागा रिकामीच धरतं, दुसरं अ‍ॅप धरत नाही. थोडी जागा फोन स्वतःसाठी राखतो.

"म्हणजे टाकणार आहे म्हणून टाकलंच असं लिहितो," अण्णा खूश झाले. "आमचा सुपरवायझर असाच होता."

"पण अण्णा, तुम्ही काही डिलीट नाही केलंत?"

"केलं की! हजारभर गुड मॉर्निंग, सगळ्यांच्या लग्नांचे व्हिडिओ."

मी ट्रॅश उघडला. सगळं तिथं सुखरूप. फोन दर वेळी 'कायमचं काढू का?' विचारत होता आणि अण्णा दर वेळी 'नाही' म्हणत होते. वर रोज सगळं मोजून वहीत टिपत होते!

"अय्यो, रिजेक्ट माल लाल पेटीत जातो. इंजिनिअरची सही झाल्याशिवाय पेटी ओतायची नाही."

"मग कोणाची सही हवी?"

"इंजिनिअर कोण आहे इथं?" त्यांनी वही पुढे केली. मी सही ठोकली. खाली त्यांनी तारीख घातली, मला पदनामही लिहायला लावलं आणि मगच बटण दाबलं.

त्या दुपारी अक्का गायली. सत्तावीस गाणी. अण्णा मधे मधे बोलतच होते, "स्वल्प हळू, अक्का. तो शब्द परत म्हण." शेवटी अक्का खेकसली, "गप रे तम्मा!" धाकट्याला ती तम्मा म्हणायची.

वर्षाच्या आत अण्णाच गेले. मला फार एकटं वाटलं. घरात मला चिडवणारं कोणी उरलं नाही.

अक्कासाठी म्हणून मी ती गाणी नीट केली. अण्णांचं सगळं मधलं बोलणं कापून एका फाइलीत स्वच्छ सत्तावीस गाणी. तिच्यापाशी बसून लावली. निम्म्याहून जास्त गाणी तिला आता आठवत नव्हती. तिनं तीन ऐकली, चौथ्याला फोन माझ्याकडे ढकलला.

"गाणी काय, मला येतात की. तम्मा कुठाय यातला?"

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. "स्वल्प हळू, अक्का," फोन म्हणाला.

"गप रे," अक्का म्हणाली आणि फोन कानाशी धरून बसली.