झुहूरची हजेरीवही

मोरोक्कोच्या राजधानीत, रबातमध्ये, संसदेसमोर झुहूर सहा वर्षं बेकार पदवीधरांची हजेरी घेत होती. स्वतः भूगोलात एम.ए.; नोकरी नाही, म्हणून संघटनेची वही तिच्या गळ्यात पडली होती. मोर्चाला आलं की एक गुण, पोलिसांचा दंडुका खाल्ला की दोन. सरकारने जागा काढल्याच, तर जास्त गुणवाल्याचा नंबर आधी. त्यामुळे दंडुके पडले की गावभर बोभाटा व्हायचा आणि दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवायला रांग लागायची.

यंदा मात्र पोलिसांनी नुसतं बघत उभं राहायचं ठरवलं. महिन्याभरात दोनशेची संघटना तिसावर आली. झुहूर वैतागून तडक हवालदार बूशाईबसमोर उभी राहिली.

"काका, जरा अंगावर धावून तरी या! तुमच्या चांगुलपणाने आमचा बाजार उठायची वेळ आलीय."

बूशाईब इकडेतिकडे बघत कुजबुजला, "येतो गं बाई. पण आधी माझ्या पोरीचं नाव लिही. वकिलीची पदवी घेऊन तीन वर्षं घरात बसलीय."

झुहूरने पेनाचं टोपण काढलं.

"लिहिते की. पण ती नवीन आहे, काका. तिला तुम्हीच मारा, दोन गुण तरी मिळतील."